पाच दिवसांची नदी

होम मैदानाच्या कडेला, किल्ल्याच्या सावलीत गाडी लावली.
गाडी म्हणजे जुनी रुग्णवाहिका.
प्रभाकरनं फंडाच्या पैशातून घेतली,
स्ट्रेचरच्या जागी पलंग, ऑक्सिजनच्या जागी शेगडी.
पांढऱ्या रंगाखालून अजून उमटतात
उलटी लाल अक्षरं.
टेंभुर्णीपासून ट्रकवाले आम्हाला वाट देत आले,
आणि आम्हाला तर कसलीच घाई नव्हती.

सांगलीची मी. कुठल्याही नव्या गावात
पाय आपोआप उताराला लागतात.
खाली घाट असणार, पायऱ्या असणार,
कुणीतरी कपडे आपटत असणार.
किल्ल्यामागं पाणी चमकलं तशी म्हणाले, बघ, आलीच.
फुटाणेवाला हसला.
'तळं हाय ते. नदी न्हाई गावात.
सीना हाय, पण ती तिकडं लांब.'
पाणी खरंच जागचं हलत नव्हतं.
देवळाचा कळस त्यात उभा होता
बोट न भिजवता.

मग चालत राहिलो.
नव्या पेठेत साड्यांच्या दुकानांसमोर
पुतळ्यांचे हात काढून ठेवलेले, धुवायला की काय.
एका टेबलावर कडक भाकरीची चळत,
वरची उचलली तर खालची वाजली.
दीडशेची शेंगाचटणी घेतली, वरून चिमूटभर चाखायला मिळाली,
प्रभाकरला ठसका लागला तो मधल्या मारुतीपर्यंत.
तिथून पुढं पाट्या बदलत गेल्या,
मराठीच्या खांद्यावर तेलुगू, तेलुगूच्या खाली कन्नड,
एका शिंप्याकडं तिन्ही, आणि तिन्हींत एकेक चूक,
असं शिंपीच सांगत होता, हौसेनं.

गुडघा दुखायला लागला की प्रभाकर इमारती बघतो.
गिरणीच्या चिमणीखाली उभा राहून
त्यानं विटांचे थर मोजले, चाळीसपर्यंत.
धूर नव्हता. वर एक घार होती.
'टाकीत दोन बोटं पाणी उरलंय,' तो म्हणाला.
चिमणीकडं बघतच म्हणाला.

पूर्वेकडच्या गल्ल्यांत माग चालू होते.
घराघरातून खटक-खट, खटक-खट,
बोलायचं तर दोन ठोक्यांच्या मधे बोलायचं.
आणि एकदम सगळे थांबले.
लाइट गेली असं वाटलं.
तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, 'आलं गं, आलं!'

बादल्या, पिंपं, घागरी, रंगाचे डबे,
पाळण्याएवढं एक पातेलं,
दारादारातून निळे-हिरवे पाइप सरसरत बाहेर.
एक म्हातारा बनियनवरच, हातात टॉवेल,
जणू घाटावर निघालाय.
'काय हुडकालाव, बाई?'
उंबऱ्यात बसलेली बाई. नरसव्वा येमूल, हे नंतर कळलं.
हसू येईल म्हणून मी खरंच सांगितलं: नदी.
ती हसली नाही. पाइपाचं तोंड माझ्याकडं वळवलं.
'मग टायमावर आलाव की. उजनीची भीमा हाय ही.
पाच दिवसाला येती. तासभर बसती. जाती.
धरा हात.'

मी धरला.
गार. थोडा क्लोरीनचा वास.
शंभर किलोमीटर नळीतून चालून आलेली,
माझ्यासारखीच अंग आंबलेली.
गल्लीतल्या गटाराकडं उतार होता,
तिथून ती खरंच वाहत होती, दोन चपला तरंगवत.

वीस लिटरचा कॅन तिनंच आणला, तिनंच भरला.
पैसे म्हटल्यावर तेलुगूत काहीतरी म्हणाली,
शेजारणी हसल्या, मी कॅन घेतला.
तो न्यायला तिचा पोरगा व्यंकटेश, लुनावर,
आम्ही मागून, पायी, त्याच वाटेनं,
पुतळ्यांना आता हात आले होते.

मैदानात तो आमच्याआधी पोचलेला.
कॅन उतरवून, लुनाचा आरसा तिरका करून
गाडीच्या कपाळावरची उलटी अक्षरं वाचत होता,
ओठ हलवत.
'ॲम्ब्युलन्स,' तो म्हणाला. 'मग पेशंट कोण?'

प्रभाकरनं माझ्याकडं बघितलं,
मी त्याच्या गुडघ्याकडं.
'आज सुट्टी आहे त्याला,' मी म्हटलं,
आणि चहा टाकला
तिघांचा,
भीमेच्या पाण्यात.